चार प्लगांची साक्ष

मोटारीचे प्लग मालकाने स्वतः बदलावेत की मिस्त्रीकडून बदलून घ्यावेत, हा प्रश्न न्यायालयात नेण्याजोगा नाही. तथापि गेल्या आश्विनात इंदरगंजातील आमच्या वाड्यात या एका प्रश्नाभोवती वारसाहक्क, मूळ दस्तऐवज, ऐकीव पुरावा आणि तज्ज्ञाची साक्ष इतक्या गोष्टी गोळा झाल्या की, माझ्यासारख्या वकिली पेशाच्या माणसाला तो आपला प्रांत वाटू लागला. शिवाय हाताला जे काळे लागले ते तीन दिवस निघाले नाही, आणि कोर्टात कागद हाताळताना ते सर्वांच्या दृष्टीस पडले. तेव्हा झाकून ठेवण्यासारखे आता काही उरलेले नाही.

मोटार माझी नव्हे, माझ्या काकांची. एम.जी. कंपनीची टी.डी. नमुन्याची, दोन आसनांची, कापडी टपाची. या नमुन्याच्या गाड्या इंग्लंडात ॲबिंग्डन येथील कारखान्यात १९५० पासून १९५३ पर्यंत तयार झाल्या. सुमारे तीस हजार निघाल्या आणि त्यांतील बहुतेक अमेरिकेस गेल्या. आपल्याकडे आल्या त्या अगदी मोजक्या. पाठीवर जादा चाक बांधलेले, चाकांवरून वाहत आल्यासारखी मडगार्डे, आणि मधोमध बिजागरी असलेले, फुलपाखराच्या पंखांसारखे दोन्ही बाजूंना उघडणारे बॉनेट. त्या काळी तिला स्पोर्ट्स कार म्हणत. आज आमच्या गल्लीतील कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या मोटारसायकली तिला सहज मागे टाकतील. पण वेग हा तिचा गुण होता असे काकांनीही कधी म्हटले नाही. "ही गाडी आपल्याला सगळं सांगते," एवढेच ते म्हणत.

काका बिर्लानगरच्या जयाजीराव कॉटन मिलमध्ये इंजिनिअर होते. १९५८ साली मुंबईत, मायदेशी परतणाऱ्या एका परक्या गृहस्थाकडून त्यांनी ती घेतली आणि मुंबई-आग्रा रस्त्याने एकट्याने हाकीत ग्वाल्हेरला आणली. १९६४ मध्ये काकू मडगावहून लग्न होऊन लष्करात आल्या, तेव्हा वरातीनंतरचा त्यांचा पहिला प्रवास याच गाडीतून तिघऱ्याच्या धरणापर्यंत झाला. परतताना धुळीने माखलेल्या शालूतच त्या सासूबाईंच्या पाया पडल्या, ही कथा आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली आहे की, मी तेथे हजर होतो असे कधी कधी मला वाटते. वस्तुतः माझा जन्म त्यानंतर दीड दशकाने झाला.

काका जाऊन सहा वर्षे झाली. गाडी ताडपत्रीखाली चौकात उभी राहिली. काकांचे जुने मिस्त्री पहिली दोन वर्षे महिन्यातून एकदा येऊन ती दहा-पंधरा मिनिटे सुरू करीत. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, गुडघे जवाब देऊ लागले, आणि तेही बंद झाले. अशा स्थितीत गेल्या वर्षी एका हॉटेलवाल्या गृहस्थाचा निरोप आला. त्यांना आपल्या नव्या हॉटेलच्या दर्शनी दिवाणखान्यात एक जुनी मोटार मांडावयाची होती. रक्कम चांगली होती. अट एकच: संगमरवरी फरशीवर तेल ठिबकू नये म्हणून इंजिन काढून घ्यावे.

काकांचे मृत्युपत्र नव्हते. कायद्याने गाडी निम्मी काकूंची आणि निम्मी त्यांच्या मुलाची, म्हणजे माझ्या पुण्याच्या चुलतभावाची. तो व्यवहारी आहे, आणि व्यवहारी असणे हा काही दोष नव्हे. टेलिफोनवर तो मला म्हणाला, "दादा, चालत नाही अशी गाडी म्हणजे लोखंडच. दिवाणखान्यात निदान कोणी पाहील तरी. दसऱ्यापर्यंत सुरू झाली तर ठेवू, खर्च निम्मा मी देईन. नाही झाली तर देऊन टाकू." मला ही अट न्याय्य वाटली. काकूंना विचारले तेव्हा त्यांनी बराच वेळ काही म्हटले नाही, मग कोकणीत एवढेच म्हणाल्या, "इंजन ना जाल्यार ती गाडी न्हय, कदेल." कदेल म्हणजे खुर्ची. या निवाड्यावर मला अपील करण्यासारखे काही दिसले नाही.

काकूंना ठाऊक नव्हते, पण कायदा बराचसा त्यांच्याच बाजूचा आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक वय झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनाला 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, आणि क्रमांकात व्ही.ए. ही अक्षरे. मात्र सांगाडा, कवच आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा आणि वाहन मूळ स्वरूपात असावे. इंजिन काढून ठेवलेल्या गाडीला मूळ स्वरूप उरले असे कोणता वकील म्हणू शकेल? मी तरी तसे म्हणण्याची फी घेणार नाही.

मिस्त्रींना आणावयास मी स्वतः शिंद्यांच्या छावणीत गेलो. ते आले, चौकात प्राजक्ताखाली स्टुलावर बसले आणि म्हणाले, "वकीलसाब, हाथ आपके होंगे, आँख आपकी होगी. मेरे पास तो अब जुबान बची है." अशा रीतीने काम माझ्याकडे आले. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकणे, दोन्ही कार्बोरेटरच्या वाट्या धुणे, नवी बॅटरी बसविणे ही कामे एका रविवारी उरकली. त्यांत सांगण्यासारखे काही नाही, वास तेवढा भयंकर होता. खरे काम प्लगांचे.

प्लग ही वस्तू सर्वांनी पाहिलेली असते, पण तिच्याकडे लक्ष देऊन पाहणारे थोडे. बोटाएवढी चिनी मातीची कांडी, तिच्या पोटातून गेलेली एक तार, भोवती लोखंडी कवच, कवचाला आटे, आणि खाली वाकलेले एक लहानसे टोक. तार आणि ते टोक यांत सुमारे अर्ध्या मिलिमीटरची फट. या फटीतून ठिणगी उडी मारते आणि पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर प्रत्येक प्लगात सेकंदाला पंचवीस ठिणग्या पडतात. पॅरिसच्या लेन्वारने १८६० साली आपल्या गॅस-इंजिनात विजेच्या ठिणगीचा उपयोग केला. १९०२ मध्ये बॉशच्या कारखान्यातील होनोल्ड नावाच्या इंजिनिअराने उच्च दाबाच्या मॅग्नेटोबरोबर भरवशाचा प्लग सिद्ध केला आणि मोटारीच्या युगाचा मार्ग मोकळा झाला. आपल्या देशात बंगलोरच्या 'मायको'ने, म्हणजे १९५१ साली स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीने, प्लग घरोघरी पोहोचविले. आज ती कंपनी बॉश याच नावाने चालते. पण आमच्या मिस्त्रींच्या तोंडी प्लग म्हणजे अजून 'मायको'च.

काकांची पत्र्याची एक पेटी होती. तिच्यात मायकोची जुनी खोकी, प्लगाचा लांब नळीदार पाना, त्यात आडवा घालावयाचा गज, पात्यापात्यांचे फीलर गेज, पितळी तारांचा ब्रश आणि एक वही. वहीत दर तीन हजार मैलांना 'प्लग साफ, फट पाहिली' अशी नोंद आणि खाली तारीख. घरातील कोणाच्या लग्नाची तारीख विसरली तर काका ही वही उघडीत, कारण लग्नाआधी गाडी तयार केलेली असे. खंडेनवमीला या पेटीचीही पूजा होई. तलवार आमच्या घराण्यात कधी होती की नाही देव जाणे. पाना मात्र होता, आणि झेंडूचे फूल त्याला मिळे. काका गेल्यावरही काकूंनी हे फूल चुकविलेले नाही.

मिस्त्रींची पहिली आज्ञा पाना उचलण्याची नव्हती. सायकलचा पंप आणण्याची होती. प्लग ज्या खळग्यात बसतो त्यात चार वर्षांची धूळ, प्राजक्ताची वाळलेली पाने आणि एक मेलेली माशी होती. प्लग आधी काढला असता तर हे सारे सरळ सिलिंडरात गेले असते. तेव्हा आधी फुंकर. मग चार तारांना एक, दोन, तीन, चार अशा चिठ्ठ्या. कारण या इंजिनात ठिणगीचा क्रम एक-तीन-चार-दोन असा आहे, आणि तारांची अदलाबदल झाली तर इंजिन नुसते धुसफुसेल, चालणार नाही. यानंतर पाना. पहिला प्लग हलेना. मी जोर लावू लागलो तसे मिस्त्री म्हणाले, "जोर नहीं, सबर." प्रत्येक प्लगाच्या बुंध्याशी पातळ तेलाचे दोन थेंब सोडून आम्ही चहा घेतला. चहानंतर चारही निघाले, करकरत, पण अखंड.

चारही प्लग मी जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडले आणि मला एकदम ओळखीचे वाटले. हे साक्षीदार होते. सिलिंडराच्या आत काय चालले आहे ते बाहेरच्या कोणाला दिसत नाही. आत जाऊन परत येणारा एवढा एकच. त्याच्या टोकाचा रंग बिस्किटासारखा, करडा-तपकिरी असेल तर आत सर्व क्षेम आहे. कोरडी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल फाजील. टोक पांढरे पडून फोड आलेले असतील तर आत वाजवीपेक्षा अधिक उष्णता. ओले, चकचकीत काळे असेल तर जेथे तेल जाऊ नये तेथे ते जात आहे. पहिल्या दोन प्लगांवर थोडी काजळी होती, तिसऱ्यावर दाट, चौथा ओला.

मी आपला निष्कर्ष काढून मोकळा झालो होतो की, मागचा कार्बोरेटर, जो तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरला पुरवठा करतो, तो पेट्रोल जास्त देत असावा. मिस्त्रींनी उलटतपासणी आरंभिली. "आखरी बार गाड़ी कहाँ चली थी?" चौकातच, उभ्या उभ्या. "कितनी देर?" दहा-पंधरा मिनिटे. "तो काजल तो लगेगा ही. इससे पूरी उमर का हाल मत पूछिए." मुद्दा बिनतोड होता. प्लग स्वच्छ राहण्यासाठी त्याचे टोक साडेचारशे-पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापावे लागते, म्हणजे त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. साडेआठशेच्या पुढे गेले तर उलट तेच वेळेआधी मिश्रण पेटविते. उभ्या गाडीच्या मंद चालीत ते पुरेसे तापतच नाही. साक्षीदार खरे बोलत होता, परंतु फक्त शेवटच्या पंधरा मिनिटांविषयी. कोर्टात असे साक्षीदार मी रोज पाहतो, आणि त्यांच्या तोंडून चाळीस वर्षांचा इतिहास वदवून घेण्याचा यत्न करणारे वकीलही. काजळीची साक्ष अशा रीतीने बाद झाली. ओल मात्र टिकली. मिस्त्री चौथा प्लग नाकाशी नेऊन म्हणाले, "तेल झूठ नहीं बोलता."

आता नवे प्लग. गाडीचे नाव आणि साल कळवून मी बाहेरगावच्या एका विक्रेत्याकडून ते मागविले होते. खोके सुंदर, वर याच नमुन्याचे नाव छापलेले. पण जुन्याशेजारी ठेवून पाहिले तो नव्याची आट्यांची लांबी पाऊण इंच, जुन्याची अर्धा. जाडी एकच, चौदा मिलिमीटर. विक्रेत्याला टेलिफोन केला. त्यांनी पुस्तक पाहून सांगितले, "टी.डी.ला हाच लागतो." पुस्तक खोटे नव्हते. या इंजिनाच्या सुरुवातीच्या हेडांना अर्धा इंची प्लग लागतो आणि पुढच्या काळातील हेडांना पाऊण इंची. नमुन्याचे नाव मात्र तेच राहिले. एकच कायदा, दुरुस्तीपूर्वीचा आणि दुरुस्तीनंतरचा; कलम कोणते लागू हे घटनेच्या तारखेवर ठरते.

मी म्हटले, "मग निर्णय झाला. काढलेला प्लग अर्ध्या इंचाचा, म्हणजे नवाही अर्ध्याच इंचाचा हवा." मिस्त्री हसले. "वो तो पिछले आदमी ने लगाया था. छेद से पूछा आपने?"

येथे मी खरोखर स्तिमित झालो. काढलेला प्लग हा ऐकीव पुरावाच होता. पाऊण इंची छिद्रात कोणी अर्धा इंची प्लग बसवून ठेवला असता तरी गाडी चालली असती. फक्त आतले उघडे आटे काजळीने भरत गेले असते आणि ठिणगी आपल्या जागेपासून दूर, बिळातच पडली असती. याच्या उलट प्रकार अधिक वाईट. अर्धा इंची छिद्रात पाऊण इंची प्लग बसविला तर पाव इंच लोखंड ज्वलनाच्या पोकळीत लोंबकळणार. ते पिस्टनला किंवा झडपेला भिडले तर इंजिनाचा निकाल तेथेच लागतो. नाही भिडले तरी आतले आटे तापून, जळून, काजळीने फुगतात, आणि पुढच्या वेळी प्लग काढताना हेडाचे आटे सोलून बाहेर येतात. म्हणून विचारावयाचे ते छिद्रालाच. मिस्त्रींच्या सांगण्यावरून मी एका ताठ तारेचे टोक नखाएवढे काटकोनात वाकविले, ते छिद्रात सोडले, खालच्या काठाला अडकवून वर ओढले, आणि प्लग जेथे बसतो त्या कडेशी तारेवर खूण केली. बाहेर काढून पट्टीवर मोजले. अर्धा इंच. चारही छिद्रांना हाच प्रश्न विचारला. चौघांचे उत्तर एक. मग काकांच्या वहीतही ते सापडले, पहिल्याच पानावर, पेन्सिलीने. पण ते सापडण्याआधी आम्ही मोजले होते, याचे मला समाधान आहे.

पाऊण इंची खोके परत गेले. अर्धा इंची प्लग शोधताना दुसरी एक गंमत कळली. प्लग 'गरम' आणि 'थंड' अशा जातींचे असतात. ज्याच्या मातीच्या कांडीचे आतले टोक लांब, त्याची उष्णता हळू निघून जाते, तो गरम. आखूड टोकाचा तो थंड. ही जात आकड्याने दर्शवितात. जपानी एन.जी.के. कंपनीच्या पद्धतीत आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. चँपियनच्या पद्धतीत नेमका उलट. बॉशने तर जुन्या तीन अंकी पद्धतीत एक दिशा ठेवली होती आणि नव्या पद्धतीत ती फिरविली. काकांच्या जुन्या खोक्यावरचा आकडा घेऊन कोणी आजच्या दुकानात गेला तर त्याला काय मिळेल हे सांगवत नाही. करारनाम्यात 'पक्षकार क्रमांक एक' म्हणजे कोण हे आरंभी लिहून ठेवण्याची आम्हां वकिलांची खोड लोकांना हास्यास्पद वाटते; या धंद्यातही ती असती तर बरे झाले असते.

आठ दिवसांनी योग्य प्लग आले. आता माझा हात थोडा बसला होता. फीलर गेजचे पाते फटीत घालून पाहिले. ते किंचित अडखळत सरकले पाहिजे, अगदी सुळकन जाता कामा नये. एकाची फट मोठी निघाली. ती कमी करताना वाकवावयाचे ते फक्त बाहेरचे टोक. मधल्या तारेला हात लावला की मातीच्या कांडीला तडा जातो. फट लहान राहिली तर ठिणगी दुबळी. फार मोठी झाली तर दाबाखाली ती उडीच घेत नाही. प्लग बसविण्यापूर्वी प्रत्येक छिद्रात चमचाभर इंजिनचे तेल सोडून पुढून हँडल घातले आणि इंजिन हाताने फिरविले. चार वर्षे एका जागी उभ्या असलेल्या पिस्टनांना कोरडे ओढू नये म्हणून. ते पहिल्या फेरीला कुरकुरले, दुसऱ्या फेरीला निमूट फिरले. त्या फिरण्याचा हातांना जो स्पर्श झाला तो मला नीट सांगता येणार नाही. जड पण जिवंत, एवढेच म्हणतो.

प्लग बसविताना पाना दूर ठेवावा. नुसत्या बोटांनी फिरवीत न्यावा. आटे बरोबर जुळले असतील तर तो तळापर्यंत आपण होऊन जातो, आणि जात नसेल तर तो तिरपा आहे. पान्याने तिरपा प्लग सहज आत जातो. सारे अनर्थ याच सहजतेतून होतात. तळ लागल्यावर मात्र पाना लावून अर्धा फेरा, नवे वॉशर दबेपर्यंत, अधिक नाही. चौथा प्लग मी मिस्त्रींच्या हातात दिला. डोळ्यांची त्याला गरज नव्हती. त्यांनी चाचपडत छिद्र शोधले, बोटांनी प्लग फिरविला, आणि तो गेला तसा जाताना मी दुसऱ्या कोणाच्या हातून पाहिलेला नाही.

या साऱ्या खटाटोपात एक गोष्ट राहून राहून मनात येत होती. काकांच्या पेटीत गाडीचे मूळ पुस्तक होते. त्यात प्लग कसा काढावा, फट किती, झडपांतील अंतर किती, कार्बोरेटर कसा जुळवावा, सारे मालकाला उद्देशून लिहिलेले. मालकाला हात आहेत आणि तो ते वापरील, हे त्या कंपनीने गृहीत धरले होते. आज नव्या गाडीचे बॉनेट उघडावे तो वर काळे प्लॅस्टिकचे झाकण, आणि पुस्तकात जागोजागी 'अधिकृत केंद्राशी संपर्क साधा'. हा नुसता म्हातारपणाकडे झुकणाऱ्या माणसाचा गहिवर नव्हे. यावर निवाडे झालेले आहेत. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. मूळ सुटे भाग, दोष शोधण्याची साधने आणि दुरुस्तीची माहिती त्या खुल्या बाजारात, स्वतंत्र कारागिरांच्या हाती येऊ देत नाहीत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. त्यावर अपिले झाली, ती आमच्या बिरादरीच्या चवीची कथा आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. मला या हक्काची बाजू पटते, पण वकील या नात्याने नव्हे. छावणीतील ज्या माणसाने चाळीस वर्षे ही गाडी केवळ कानांनी ओळखली, त्याच्या मुलाने नाइलाजाने तो धंदा सोडून मोबाइलच्या काचा बदलण्याचे दुकान घातले आहे. बापाकडे जे ज्ञान होते ते विकत घेण्याची सोय उरली नाही, आणि नवे ज्ञान कुलपात. दंडाची रक्कम कोठल्या कोठे जाते. हा हिशेब कोणी मांडीत नाही.

एम.जी. हे नाव आजही चालू आहे. त्या नावाच्या गाड्या आता गुजरातेत हलोल येथे तयार होतात, आणि त्यांतील विजेवर चालणाऱ्या गाडीत प्लग हा प्रकारच नाही. मिस्त्रींना हे सांगितले तेव्हा त्यांनी थोडा विचार करून विचारले, "तो फिर वो बताती किसको है?" मला उत्तर देता आले नाही. ती गाडी एखाद्या संगणकाला सांगत असणार; पण तो संगणक मिस्त्रींशी बोलत नाही.

खंडेनवमीच्या सकाळी पूजा आटोपल्यावर काकूंना चौकात खुर्चीवर बसविले. त्यांनी पान्यावरचे झेंडूचे फूल उचलून रेडिएटरच्या जाळीत खोवले. मी किल्ली फिरविली. पेट्रोलचा पंप टकटक करू लागला, मग पेट्रोल भरून तो थांबला. मिस्त्रींनी मान हलविली. स्टार्टर ओढला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा एक खोकला आणि मागून निळा धूर. तिसऱ्यांदा ती सुरू झाली. प्रथम तीन सिलिंडरांवर, अडखळत, आणि दहाएक श्वासांनंतर चौथाही त्यांत मिळाला. कोणी काही बोलले नाही. चुलतभाऊ टेलिफोनवर होता. त्याला मी काही सांगण्याऐवजी टेलिफोनच बॉनेटजवळ धरला. बराच वेळाने पलीकडून आवाज आला, "निम्मा खर्च कळव." काकू डोळे मिटून बसल्या होत्या. मग त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले आणि म्हणाल्या, "पुता, हात धू आनी जेवपाक यो."

हॉटेलवाल्या गृहस्थांना नकाराचे सभ्य पत्र गेले आहे. नोंदणी काका गेल्यापासून त्यांच्याच नावावर राहिली होती; ती वारसांच्या नावे करण्याचा अर्ज मी तयार केला आहे. आणि दिवाळीनंतर, गाडी दोनदा तिघऱ्यापर्यंत व्यवस्थित चालवून आणल्यावर, मिस्त्रींच्या हुकमावरून मी प्लग पुन्हा काढून पाहिले. पहिले तीन बिस्किटाच्या रंगाचे. चौथा ओलाच आहे. म्हणजे रिंगा किंवा झडपांचे गाइड, बहुधा रिंगा. त्यासाठी हेड उतरवावे लागेल, आणि ते थंडीत होणार नाही, असे मिस्त्री म्हणतात, कारण थंडीत त्यांचे गुडघे दुखतात आणि त्यांच्याशिवाय ते मी करू नये असे त्यांचे मत आहे. तारीख फाल्गुनातली पडली आहे.